तीन पायांचा लाडू : वृद्ध कुत्र्याची शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा



सातवीच्या वर्गात 'हाडे आणि सांधे' हा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, "बाई, कुत्र्याचा एक पाय कापला तर तो चालू शकतो का?" मी म्हटले, "चालतो, आणि मनात आले तर पळतोसुद्धा." वर्ग हसला. कोणाचाच विश्वास बसलेला दिसला नाही. तास संपला, पण उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करण्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या घरी वय झालेला कुत्रा आहे, त्या पालकांनीही तो वाचावा.

लंगडण्यापासून सुरुवात

आमचा लाडू हा पिवळ्या रंगाचा लॅब्राडोर. २०२२ च्या श्रावणात तो नऊ वर्षांचा होता. मोठ्या जातीच्या कुत्र्याला नववे वर्ष म्हणजे म्हातारपणच. तो डावा पुढचा पाय उचलून धरू लागला. पावसात घसरला असेल, मुरगळला असेल, असे आम्ही धरून चाललो. हळदीचा लेप लावला. दोन दिवस बरे वाटे, पुन्हा लंगडणे सुरू होई.

याच काळात माझ्या हातून एक चूक झाली. मी विज्ञान शिकवते, म्हणून ती लपवणे बरे नव्हे. सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या डब्यातली आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी मी त्याला पोळीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या आणि शौच डांबरासारखे काळे झाले. काळे शौच म्हणजे जठरातला किंवा आतड्यातला रक्तस्राव. डॉक्टर मला रागावले, आणि ते योग्यच होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल ही आपल्या घरातली औषधे कुत्र्याच्या शरीरात आपल्यासारखी पचत नाहीत. त्यांनी जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडते. कुत्र्यासाठी वेगळी वेदनाशामके असतात, ती डॉक्टरांनी वजन पाहून द्यायची असतात. या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे ठेवा.

त्या दिवशी पायाचा एक्स-रे काढला. मनगटाच्या जरा वर हाड कसर लागल्यासारखे पोखरलेले दिसत होते, आणि कडेने नव्या हाडाचे काटे बाहेर फुटले होते. मोठ्या कुत्र्याचे लंगडणे आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर एक्स-रे काढावा, हे आम्हाला तेव्हा कळले.

हा आजार कोणता?

हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. त्यात जुने हाड मोडणाऱ्या आणि नवे हाड बांधणाऱ्या पेशी सतत काम करीत असतात. बांधणाऱ्या पेशींचा ताळतंत्र सुटला की त्या वेड्यावाकड्या वाढतात, चांगले हाड पोखरतात आणि त्या जागी कच्चे हाड रचतात. या कर्करोगाला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या जातींत त्याचे प्रमाण अधिक असते. पुढच्या पायात तो बहुधा मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ होतो, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास.

या रोगाची दोन वैशिष्ट्ये समजली की पुढचे उपचार समजतात. पहिले, तो फार दुखतो, आणि पोखरलेले हाड साध्या उडीनेही मोडू शकते. दुसरे, त्याच्या पेशी रक्तातून लवकर फुफ्फुसात जातात. रोग सापडतो तेव्हा बहुतेक कुत्र्यांच्या फुफ्फुसात त्या पोहोचलेल्या असतात, पण इतक्या बारीक की एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून उपचारही दोन असतात. पाय काढणे वेदनेसाठी, आणि शिरेतून द्यायचे औषध पसरलेल्या पेशींसाठी.

पाय काढावा की नाही?

घरात दोन दिवस याच विषयावर बोलणे चालले. माझे सासरे म्हणाले, "अगं, म्हाताऱ्या जिवाला आता कशाला फाडायचे?" आमची धाकटी तेव्हा चौथीत होती. तिचा प्रश्न वेगळा होता : "पाय कापल्यावर लाडू आपल्यावर रागावेल का?"

डॉक्टरांनी दोघांनाही एकच उत्तर दिले. ते म्हणाले, "तो तीन पायांवरच चालतोय. चौथा पाय त्याला फक्त दुखवतोय." माणसाला पाय गेला की लोक काय म्हणतील, नोकरीचे काय होईल, हे विचार छळतात. कुत्र्याला ते विचार नसतात. त्याला आज दुखते की दुखत नाही, एवढेच असते.

मात्र हा उपाय प्रत्येक कुत्र्याला लागू पडतो असे नाही. आधी पुष्कळ तपासण्या कराव्या लागतात. छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढतात, कारण फुफ्फुसात गाठी दिसू लागल्या असतील तर सारा हिशेबच बदलतो. उरलेले तीन पाय, कंबर आणि पाठीचा कणा भार घेतील का, ते पाहतात. वृद्ध कुत्र्याचे हृदय, यकृत आणि मूत्रपिंड भूल व औषधे सोसतील का, तेही पाहतात. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप पुष्कळ आढळतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून त्याचीही चाचणी करून घ्यावी. कंबर मुळातच अधू असेल किंवा रोग पसरला असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रिया नको असेही सांगतात. ज्या कुटुंबाने हे सारे ऐकून, खर्चाचा अंदाज घेऊन 'नाही' म्हटले, त्या कुटुंबाचे कुत्र्यावर प्रेम कमी असते असे कोणी समजू नये.

वर्गात मुले विचारतात, अर्धा पाय ठेवून जयपूर फूटसारखा कृत्रिम पाय का बसवत नाहीत? कर्करोगात रोगट भागाच्या बरेच वरून कापावे लागते. शिवाय उरलेला खुंट कुत्रा जमिनीवर टेकवू पाहतो आणि तो सारखा जखमी होतो. म्हणून पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात.

गणपतीचे विसर्जन झाले आणि त्याच आठवड्यात लाडूची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला रिक्षातून घरी आणले.

पहिले चौदा दिवस

हे दिवस कठीण असतात, हे आधीच सांगून ठेवते. अर्धे अंग भादरलेले, वीतभर लांब टाके, आजूबाजूला काळेनिळे झालेले. रात्री तो धापा टाकत होता, कण्हत होता. तिसऱ्या रात्री मी त्याच्याजवळ बसून रडले. आपण चूक केली, सासरे म्हणत होते तेच खरे, असे वाटले. पुढे दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या दुसऱ्या पालकांनीही तीच गोष्ट सांगितली. ती रात्र बहुतेकांच्या वाट्याला येते. तिच्यावरून निर्णय बरोबर की चूक हे ठरवू नये.

या काळात आम्ही पाळलेले नियम असे :

१. वेदनाशामक घड्याळ लावून द्यावे. दुखू लागण्याची वाट पाहू नये. कुत्रा दुखणे लपवतो. विश्रांतीत धापा टाकणे, थरथरणे, झोप न लागणे, खाणे सोडणे ही दुखण्याची चिन्हे होत.

२. टाके चाटू देऊ नयेत. गळ्यात नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर घालावी. ती पाहून दया येते, पण काढू नये. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

३. जखम रोज पाहावी. थोडी सूज, थोडे लालसर पाणी येणे चालते. पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज आली, पू किंवा वास आला, टाका उसवला, तर डॉक्टरांना दाखवावे. आपण सुई लावू नये.

४. शौच दोन-तीन दिवस होत नाही, कारण पोट रिकामे असते आणि वेदनाशामकांनी आतडी मंदावतात. घाबरू नये. लघवी मात्र दिवसभर झाली नाही तर विचारावे.

५. उठताना आधार द्यावा. जुना पंचा किंवा टॉवेल छातीखालून किंवा पोटाखालून, टाक्यांना न लागेल असा घ्यावा आणि हलकेच तोलून धरावे. उचलून मात्र घेऊ नये. तोल त्याचा त्यालाच सापडला पाहिजे.

६. जिना बंद ठेवावा. आम्ही पायऱ्यांपुढे पाट आडवा लावला होता.

नवव्या दिवशी सकाळी दूधवाल्याने फाटक वाजवले आणि लाडू आपणहून उठून तीन उड्यांत दारात गेला. शेपूट हालत होती. सासरे खुर्चीतून उठले आणि काही न बोलता त्याच्या पुढ्यात बसले. त्या दिवसापासून त्याच्या गोळीची वेळ त्यांनी स्वतःकडे घेतली.

फरशी, भांडे आणि वजनाचे गणित

तीन पायांच्या कुत्र्याचा घरातला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गुळगुळीत फरशी. चार पायांचा कुत्रा घसरला तर सावरतो, तीन पायांचा पडतो. त्याच्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे पाण्यापासून दारापर्यंत आणि दारापासून अंथरुणापर्यंत, सतरंज्या घालाव्यात आणि त्यांच्याखाली रबराची जाळी घालावी, नाहीतर सतरंजीच सरकते. नखे कापलेली असावीत. पंजाच्या गाद्यांमधले केस कातरावेत, त्यांनीही पाय घसरतो. अंथरूण जाड असावे. जेवणाचे भांडे छातीच्या उंचीपर्यंत वर ठेवावे. एका पुढच्या पायावर वाकून खाताना तोल जातो. आम्ही उलटे घमेले ठेवून त्यावर भांडे ठेवत असू.

आता थोडे गणित. उभ्या कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर. म्हणून मागचा पाय गेलेल्याला सहसा थोडे सोपे जाते. शस्त्रक्रियेपूर्वी लाडूचे वजन ३६ किलो होते. म्हणजे पुढे २१.६ किलो, प्रत्येक पायावर १०.८ किलो. एक पुढचा पाय गेला की मागचे पाय काही भार वाटून घेतात, तरीही उरलेल्या पुढच्या पायावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येतो. हा भार कमी करण्याचा एकच मार्ग आपल्या हातात असतो, तो म्हणजे वजन उतरवणे. डिसेंबरपर्यंत लाडू ३१ किलोवर आला. त्यात गेलेल्या पायाचेही वजन धरलेले आहे. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, ही साधी खूण.

टाके निघाल्यावर फिरणे सुरू केले. पाच मिनिटे, दिवसातून चार वेळा. एकदम अर्धा तास नेऊ नये, कारण तीन पायांचा कुत्रा चालत नाही, उड्या घेतो, आणि लवकर दमतो. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा. रस्ता तापला असेल तर बाहेर नेऊच नये. आपला तळहात उलटा करून डांबरावर सात सेकंद टेकवता आला नाही, तर त्याचा पंजाही टेकणार नाही. त्याच्याकडे आता भाजून घ्यायला जास्तीचा पाय नसतो.

शिरेतून द्यायचे औषध

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कार्बोप्लॅटिन या औषधाचा पहिला डोस दिला. पुढे दर तीन आठवड्यांनी एक, असे चार. माणसांवरचा हा उपचार आपण ऐकलेला असतो, त्यामुळे भीती वाटते. कुत्र्यांच्या बाबतीत डोस तुलनेने सौम्य ठेवतात, कारण हेतू रोग समूळ काढण्यापेक्षा चांगले दिवस वाढवण्याचा असतो. बहुतेक कुत्र्यांचे केस गळत नाहीत. लाडूच्या फक्त मिशा गळल्या, आणि तो एखाद्या भटजीबुवांसारखा दिसू लागला.

तीन गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

पहिली, रक्ततपासणी. औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात, बहुधा सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान. प्रत्येक डोसापूर्वी त्या मोजतात, आणि कमी असतील तर डोस पुढे ढकलतात. या दिवसांत कुत्रा मलूल झाला तर थर्मामीटर लावावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०३ च्या वर गेले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दुसरी, आपली सुरक्षितता. औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटी यांतून बाहेर पडतो. तीन दिवस हातमोजे घालूनच स्वच्छता करावी, जागा भरपूर पाण्याने धुवावी. लहान मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे काम करू नये. लाडूला कुरवाळायला मात्र बंदी नाही.

तिसरी, खाणे. डोसानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मळमळ होते. दुसरा डोस दिवाळीच्या तोंडावर आला. घरात फराळ, बाहेर फटाके, आणि लाडू पलंगाखाली. दोन दिवस त्याने तोंड लावले नाही. डॉक्टरांनी मळमळीची गोळी दिली. मऊ भात, उकडलेले अंडे आणि थोडे दही कोमट करून हातावर दिले, कारण कोमट अन्नाचा वास चांगला येतो. कच्चे मांस या काळात देऊ नये. कांदालसणाची आमटी, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला कधीच देऊ नये.

किती दिवस मिळतात?

हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारला होता. नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांच्या आत जातात. सोबत औषध दिले तर हा मध्य दहा ते बारा महिन्यांवर जातो. दोन वर्षे गाठणारे पाचांत साधारण एक.

येथे आठवी-नववीच्या मुलांनी 'मध्यक' हा शब्द आठवावा. अकरा कुत्र्यांना जगलेल्या दिवसांच्या क्रमाने उभे केले, तर सहाव्याचा आकडा हा मध्यक. पाच त्याच्या अलीकडे असतात, पाच पलीकडे. आपला कुत्रा कोणत्या बाजूला उभा राहील, ते आकडा सांगत नाही. म्हणून 'एक वर्ष मिळेल' असे मुलांना वचन देऊ नये, आणि 'काही उपयोग नाही' असेही म्हणू नये. आम्ही धाकटीला सांगितले, "दुखणे नक्की कमी होईल. दिवस किती, ते ठाऊक नाही." तिने ते आमच्यापेक्षा लवकर स्वीकारले.

वहीतले गुण

अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये अशा प्राण्यांसाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत सात बाबी आहेत : वेदनेपासून आराम, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. सत्तरपैकी बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर प्राण्याचे जगणे सुसह्य चालले आहे असे समजतात.

धाकटीने एक वही केली. दर रविवारी सासरे गुण सांगत, ती लिही. डिसेंबरात ५८. उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारी २०२३ ला, सगळे गच्चीवर निघाले आणि लाडू जिन्याखाली भुंकू लागला. शेवटी दोघांनी सतरंजीची झोळी करून त्याला वर नेले. दिवसभर तो कापलेल्या पतंगांवर भुंकत होता. त्या रविवारी तिने आनंदाला दहापैकी अकरा गुण दिले. सासऱ्यांनी ते खोडले नाहीत.

दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढत होतो. जून २०२३ मध्ये फुफ्फुसात दोन ठिपके दिसले. त्यानंतरही तो सहा-सात आठवडे खात होता, दारात जात होता. मग खोकला सुरू झाला, श्वास वाढला. ऑगस्टमधल्या एका रविवारी बेरीज ३१ आली. धाकटीने पुन्हा करून पाहिली. पुढच्या रविवारी २६. तिने वही आजोबांकडे दिली आणि म्हणाली, "आता डॉक्टरकाकांना बोलवा." डॉक्टर घरी आले. लाडू आपल्या अंथरुणावर होता आणि त्याचे डोके सासऱ्यांच्या मांडीवर होते.

शस्त्रक्रियेपासून तो दिवस अकराव्या महिन्यात आला. मध्यकाच्या अगदी जवळ. पण त्यातले सुमारे नऊ महिने त्याला दुखणे नव्हते, आणि ते त्याने तीन पायांवर पळून काढले. सातवीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हेच.

नवे शब्द

ऑस्टिओसार्कोमा : हाड बांधणाऱ्या पेशींचा कर्करोग.
मध्यक : क्रमाने लावलेल्या संख्यांतील मधली संख्या.
वेदनाशामक : दुखणे कमी करणारे औषध.

स्वाध्याय

१. २८ किलो वजनाच्या निरोगी कुत्र्याच्या प्रत्येक पुढच्या आणि मागच्या पायावर किती भार येतो, ते काढा.

२. सात कुत्रे अनुक्रमे ९०, १२०, १५०, २१०, ३००, ४२० आणि ९०० दिवस जगले असे समजा. मध्यक आणि सरासरी काढा. दोन्हींत फरक का पडला, ते दोन वाक्यांत लिहा.

३. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातील कोणती औषधे प्राण्यांना देऊ नयेत, ते पालकांच्या मदतीने शोधा आणि डब्यावर तशी चिठ्ठी लावा.

४. तुमच्या गल्लीत तीन पायांचा कुत्रा असेल तर आठवडाभर लांबून त्याचे निरीक्षण करा. तो वळताना, बसताना आणि पळताना तोल कसा सांभाळतो, ते आकृती काढून दाखवा. त्याला दगड मारणारा कोणी दिसला, तर वरील उत्तर त्यालाही समजावून सांगा.